सातवं बोट

नरहर टोकेकरांच्या रविवारच्या फेरीत वाघ दाखवत नाहीत, ही आईबापांची जुनी तक्रार आहे. वाघच बघायचा असेल तर वनविहारात जा, तिकीट काढा, जाळीपलीकडे बघा आणि घरी या, असं टोकेकर तोंडावर सांगतात. एखादा बाप चिवट निघतो. "पण काका, या केरव्याच्या जंगलात वाघ आहे म्हणतात ना?" त्यावर टोकेकर म्हणतात, "आहे. त्याला आपण दिसतो. तेवढं पुरे."

माणूस तिरसट, पण पोरं टिकतात. शहात्तर साली सांगलीहून भोपाळला आले ते एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून. सदतीस वर्षं रेघा मारल्या, निवृत्त झाले, कोलार रोडला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, आणि पहिल्याच महिन्यात बायको वंदनाबाई म्हणाल्या, "अहो, माझ्या मागे मागे फिरू नका. बाहेर कुठेतरी फिरा." ते बाहेर फिरणं म्हणजे ही फेरी. दर रविवारी सकाळी साडेसहाला, कलियासोत धरणाच्या काठाला, आठ ते बारा वयाची दहा-पंधरा मुलं. बारा वर्षं झाली. मुलं मोठी होऊन जातात, नवी येतात. मराठी घरातली त्यांना आजोबा म्हणतात, बाकीची अंकल.

फेरीचे नियम तीन, आणि त्यांत सूट नाही.

पहिला, पाण्यापासून वीस पावलं लांब राहायचं, कारण पाण्यात मगर आहे. हा नियम सगळे आनंदानं पाळतात.

दुसरा, नाव शेवटी. एखादं पोरगं ओरडतं, "अंकल, वो कौन है?" तर अंकल नाव सांगत नाहीत. काय करतोय तो? शेपटी कशी हलते? बसलाय कुठं, चिखलात की झुडपात? पाच गोष्टी सांग, मग नाव. "नाव कळलं की पोरं बघायची थांबतात," असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक प्राण्याचा मोहल्ला वेगळा, हे ते पहिल्याच दिवशी समजावतात. काठच्या चिखलाचा एक मोहल्ला, तिथं शेकाटे आणि धोबी हे पक्षी. गवताचा दुसरा. बाभळीच्या झुडपांचा तिसरा. मोठ्या झाडांचा चौथा, आणि तिथंही खालच्या मजल्यावरची बिऱ्हाडं वेगळी, गच्चीवरची वेगळी. मोहल्ला तोडला की बिऱ्हाड जातं. एवढं पोराला कळलं की बाकी पुस्तकात आहेच, असं म्हणून ते पुढे चालू लागतात.

तिसरा नियम बोटांचा. करंजाच्या मोठ्या झाडापाशी सगळ्यांनी उभं राहायचं, डोळे मिटायचे, दोन्ही मुठी छातीपाशी. तीन मिनिटं. नवा आवाज आला की एक बोट उघडायचं. ट्रक, विमान, वारा धरायचा नाही, फक्त जिवंत जीव. वेळ संपली की सगळ्यांनी हात पुढे करायचे. टोकेकरही करतात, आणि त्यांचा हात हे उत्तर. त्यांच्यापेक्षा कमी बोटं आली तर चालतं, पुढच्या वेळी नीट ऐक. जास्त आली तर मात्र थाप. कडेच्या दगडावर बसायचं, दुसऱ्या खेपेला मोजायचं नाही, आणि वहीत नावापुढे शाईनं तारखेसकट 'थाप' लिहिलं जातं.

सुरुवातीच्या वर्षांत थापा फारशा नव्हत्या. पुढे वाढल्या. टोकेकरांनी त्याचं कारण घरबसल्या शोधून काढलं होतं. "एम.पी. नगरच्या त्या कोचिंग क्लासांनी पोरं बिघडवली गं," ते वंदनाबाईंना सांगत. "झाडाखाली उभं राहायलासुद्धा पहिला नंबर हवा. मी सहा दाखवले की ही आठ दाखवणार!" वंदनाबाई भाजी निवडत हूं म्हणत. कोचिंग क्लासांबद्दल त्यांचंही मत बरं नव्हतं.

त्यातच गेल्या डिसेंबरात एम.पी. नगरातल्याच एका हिंदी वर्तमानपत्रात टोकेकरांचं पत्र छापून आलं, फोटोसकट. कलियासोतच्या काठावरून चष्मेवाला पक्षी नाहीसा झाला, त्याआधी फुलटोच्या गेला, त्याआधी निखार. बारा वर्षांच्या वह्यांचा पुरावा. बांधकामं थांबवा. पत्र खणखणीत होतं. लोकांचे फोन आले, कॉलनीत दोन माणसांनी हात मिळवला. टोकेकरांनी कात्रण लॅमिनेट करून घेतलं आणि फेब्रुवारीच्या एका रविवारी मुलांना दाखवलं. चष्मेवाला कसा होता तेही सांगितलं. बोटभर हिरवा पक्षी, डोळ्याभोवती पांढरं कडं, थव्यानं पानापानांतून हिंडायचा. तो कसा बोलायचा तेही तोंडानं काढून दाखवलं, बारीक, चिर्र चिर्र करत. सांगताना त्यांचा आवाज जड झाला. 

त्याच्या पुढच्या रविवारी क्षितिजानं सात बोटं दाखवली.

क्षितिजा दाभाडे, वय नऊ. वडील अंबरीश इंजिनिअर, सरकारी नोकरीत दोन वर्षांपूर्वी नाशिकहून बदलून आलेले, घर नेहरू नगरला. पोरगी कमी बोलायची. नावं पाठ करायची नाही, पण धोबी शेपटी मिनिटाला किती वेळा हलवतो ते मोजून सांगायची. टोकेकरांना ती आवडायची. आवडायची म्हणजे काय, तर तिच्यावर ते इतरांपेक्षा कमी खेकसायचे.

"सहा," टोकेकर हात दाखवत म्हणाले. "होला, टिटवी, तांबट, बुलबुल, राघू, भारद्वाज. सातवा कोणता, क्षितिजा?"

"बारीक आवाज होता आजोबा. या झाडातच. चिर्र चिर्र असा, आणि खूप सारे होते, एकदम."

टोकेकरांचा पारा चढला. "मागच्या रविवारी मीच तोंडानं काढून दाखवला, तोच मला परत ऐकवतेस होय?"

"नाही आजोबा, सच्ची. आता पण येतोय."

"येतोय? मला नाही आला तो?"

"झूठी," मागून कोणीतरी म्हणालं आणि दोघं-तिघं हसले. टोकेकरांनी त्यांना गप्प केलं नाही. वही काढली, पेन काढलं, लिहिलं, आणि दगडाकडे बोट दाखवलं. डोक्यावर करंजाचं झाड होतं. आधी बघा, मग बोला, असं बारा वर्षं घसा फोडून सांगणाऱ्या या माणसानं मान वर करून एकदा बघायचीसुद्धा तसदी घेतली नाही.

क्षितिजा दगडावर बसली. रडली वगैरे नाही. फेरी संपल्यावर वडिलांच्या गाडीत बसून गेली. पुढच्या रविवारी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. "खरं बोललेलं सोसत नाही हल्ली कुणाला," टोकेकर म्हणाले आणि पोहे खाऊ लागले.

महिनाअखेरीला त्यांना ताप आला. काचेचा थर्मामीटर फुटल्यापासून घरात नवा बॅटरीचा होता, ताप मोजून झाला की वाजणारा. टोकेकर तो काखेत धरून बसले. पाच मिनिटं झाली, सात झाली. वाजेना. "फेकून दे ही कचराछाप वस्तू," ते ओरडले. "मुळीच वाजत नाही!"

स्वयंपाकघरातून वंदनाबाई तावातावानं बाहेर आल्या. "अहो, काढा की! मघापासून दोनदा वाजून गेला. पोळी करपली माझी ऐकत ऐकत!"

टोकेकरांनी थर्मामीटर काढला. पुन्हा लावला, आणि या खेपेला बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले. मिनिटभरानं वंदनाबाईंच्या भुवया वर गेल्या. "हा काय, वाजला." टोकेकरांच्या कानात पंखा फिरत होता, खाली भंगारवाला ओरडत होता, आणि थर्मामीटर मुका होता.

 अंगात ताप असताना त्यांनी कपाटावरून बाराही वह्या काढल्या आणि पलंगावर पसरून बसले. कोणता पक्षी कोणत्या वर्षी शेवटचा ऐकला, हे त्यांच्या वह्यांत चोख होतं. निखार सगळ्यात आधी गेला होता, मग फुलटोच्या, मग चष्मेवाला. टिटवी राहिली, भारद्वाज राहिला, होला राहिला, मोर तर राहिलाच. कारखान्यात सदतीस वर्षं नकाशे तपासलेला माणूस तो. एक मोहल्ला तोडला तर त्या मोहल्ल्यातली सगळी बिऱ्हाडं जायला हवीत, हे त्याला कळत होतं. इथं एकाच झाडावरून बारीक आवाजाचे तेवढे उठून गेले होते आणि जाड आवाजाचे सगळे जागच्या जागी होते. असं कधी होतं का?

आणि थापा वाढू लागल्या त्या निखार गेला त्याच वर्षापासून.

टोकेकरांना घाम फुटला. वंदनाबाईंना वाटलं, ताप उतरला.

कानाच्या डॉक्टरनं तपासणी करून आलेख हातात दिला. डावीकडून सरळ येणारी रेघ उजवीकडे घसरून पार तळाला गेली होती. हे आजचं नाही, आठ-दहा वर्षं हळूहळू चाललंय, वयानं होतं, असं तो म्हणाला. मशीन लावा, माणसांचं बोलणं स्वच्छ येईल. वरच्या बारीक आवाजांचं मात्र तो खात्रीनं सांगेना. टोकेकरांनी आलेखाची घडी घालून खिशात ठेवली.

आता करायचं काय? दोन दिवस ते गच्चीवर फेऱ्या मारत होते. कानानं गेलेला माणूस पोरांना जंगल काय ऐकवणार? खरं सांगितलं तर फेरी संपली, आणि फेरी बंद म्हणजे टोकेकर बंद, हे घरात दोघांनाही ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी जेवताना ते म्हणाले, "गुडघे दुखतात. थांबवावी म्हणतो फेरी."

"गुडघ्यांना काय झालंय?" वंदनाबाईंनी वाढता वाढता विचारलं. "तीन मजले चढून दिवसातून दहादा गच्चीवर जाताय. ठणठणीत आहेत गुडघे. त्या पोरीला थापाडी ठरवलंत ना, चार मुलांत? मग चार मुलांतच निस्तरा. नंतर बंद करा नाहीतर चालू ठेवा, माझं काही म्हणणं नाही."

टोकेकर ताटावरून उठले नाहीत, पण आमटी तशीच राहिली. त्यांना लाज वाटत होती. बहात्तराव्या वर्षी लाज वाटणं फार जड जातं, सवय राहिलेली नसते.

शनिवारी संध्याकाळी ते नेहरू नगरला गेले. क्षितिजाच्या आईनं, वैशालीनं, दार उघडलं. या म्हणाली, पाणी दिलं, सगळं रीतसर, पण चहा विचारला नाही. "ती आता रविवारी झोपते उशिरापर्यंत," तिनं सांगितलं. "मी काही जबरदस्ती करणार नाही, काका."

क्षितिजा आतल्या दारात येऊन उभी राहिली. टोकेकरांनी वाटेत चार वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना. शेवटी त्यांनी खिशातून थर्मामीटर काढला. "हा काखेत धर. वाजला की हात वर कर."

क्षितिजानं आईकडे पाहिलं आणि धरला. थोड्या वेळानं हात वर केला.

"मला नाही ऐकू आला," टोकेकर म्हणाले.

"इतका मोठा वाजतोय!"

"असेल. मला येत नाही."

पोरगी विचारात पडली. "म्हणजे तेव्हा पण?"

"तेव्हा पण. तू खरं सांगत होतीस. मी चुकलो."

वैशाली उठली आणि चहा ठेवायला आत गेली. क्षितिजा मात्र तिथंच उभी. "मग तुम्ही पेपरमध्ये का लिहिलं, ते गेले म्हणून? वर बघायचं ना एकदा."

 कारखान्यात साहेब लोकांसमोर टोकेकरांनी कधी मान खाली घातली नव्हती, ती इथं घातली.

"आणि माझं नाव लिहिलंय ना वहीत, थाप म्हणून. पेनानं."

"त्याचं करतो मी काहीतरी."

"उद्या यायचं की नाही ते मला माहीत नाही," क्षितिजा म्हणाली. "माझ्यावर हसले सगळे." आणि आत गेली. चहा आला, टोकेकरांनी तो गरम गरमच पिऊन टाकला.

नकाशात चूक निघाली तर ड्राफ्ट्समन ती खोडत नाही. नकाशा एकदा कामावर गेला की त्यावर रबर चालवायचं नसतं. जुनी रेघ दिसत राहिली पाहिजे आणि शेजारी दुरुस्ती लिहून तारीख घालून सही करायची असते, म्हणजे कोण चुकलं ते कायम कळतं. टोकेकरांनी घरी येऊन तेच केलं. वह्यांत एकूण सत्तावीस थापा निघाल्या. प्रत्येकीपुढे त्यांनी लिहिलं, 'दुरुस्ती. चूक माझी.' तारीख, सही. सत्तावीस वेळा. वर्तमानपत्राला दुसरं पत्र लिहिलं, पहिल्यापेक्षा बरंच लहान: पक्षी गेल्याचं मी कळवलं होतं, ते चुकीचं आहे, मला ऐकू येत नाही, झाड तोडू नये हे मात्र तसंच राहील. हे पत्र छापून आलं नाही.

ज्यांचे नंबर होते त्यांना फोनही केले. अमेय म्हणून एक होता, पहिल्या पहिल्या थापांतला, आता इंदूरला कॉलेजात. सगळं ऐकून घेतल्यावर तो चाचरत म्हणाला, "आजोबा, माझं सोडा. मी खरंच थाप मारली होती."

"नक्की?"

"दोन बोटं उगाच उघडली होती."

"बरं वाटलं ऐकून," टोकेकर म्हणाले, आणि अमेयच्या दुरुस्तीपुढे आणखी एक दुरुस्ती लिहिली.

रविवारी सकाळी करंजापाशी चौदा मुलं होती. क्षितिजा नव्हती. टोकेकरांनी पाच मिनिटं वाट पाहिली, रस्त्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मग घसा साफ करून, मुलांना कळावं म्हणून हिंदीत, त्यांनी सगळं सांगून टाकलं. कान गेलेत. बारीक आवाज येत नाहीत. चष्मेवाला इथंच आहे, क्षितिजानं ऐकला, तिला मी दगडावर बसवलं, चूक माझी होती. ती थाप नव्हती. वहीतलं पानही उघडून दाखवलं. गाडीचं दार वाजल्याचं त्यांना कळलं नाही, सांगण्याच्या भरात होते.

 मग एकजण म्हणाला, "तो अब जवाब कौन बताएगा, अंकल?"

"पता नहीं," टोकेकर म्हणाले. बारा वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदाच म्हटलं. आज हे शेवटचं, असं त्यांच्या मनात ठरत आलं होतं. "चलो. आँखें बंद."

सगळ्यांनी डोळे मिटले. टोकेकरांनीही मिटले, मुठी छातीपाशी घेतल्या. होला घुमला, एक. पाण्याकडून टिटवी, दोन. तांबटाची ठोकाठोकी, तीन. बुलबुल, राघू. उजवा हात भरला. लांब झुडपात भारद्वाज बोलला, तेव्हा डाव्या हाताचा अंगठा उघडला. सहा. त्यानंतर काही येईना. दोन मिनिटं झाली असतील. झाड त्यांच्या डोक्यावर अगदी गप्प होतं, आणि ते गप्प नाही हे आता त्यांना ठाऊक होतं.  मूठ तशीच राहिली.

तेवढ्यात कुणाचे तरी गार, छोटे हात त्यांच्या डाव्या मुठीला लागले. अंगठ्याशेजारचं बोट पकडलं आणि हळूच उघडून सरळ केलं.

टोकेकरांनी डोळे उघडले. "कोण आहे?" ते कुजबुजले. "चष्मेवाला?"

"डोळे मिटा आजोबा," क्षितिजा म्हणाली. "नाव शेवटी."